पासवर्डांचं विरजण

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे भांडण. तेही कशावरून, तर लॅपटॉपवरच्या एका बटणावरून.

संध्याकाळ होती. मी पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. एक डोळा पडद्यावर, एक डोळा गॅसवरच्या दुधावर. आमची ही अंगणवाडीत सेविका होती. तिथं सरकारनं तिला फोनवर, कॉम्प्युटरवर माहिती भरायला लावली, आणि बाईला त्याची लई गोडी लागली. मी चौथीत शाळा सोडली. मराठी वाचता येतं, इंग्रजी अक्षरं एकेक करून ओळखतो, झालं. त्यामुळं वीजबिल, गॅस, बँक, सातबारा, जे काही ऑनलाईन असेल ते तिच्याकडं. प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड वेगळा, आणि ते सगळे ती एका प्रोग्राममध्ये कोंडून ठेवायची. त्याला आम्ही पेटी म्हणायचो. पेटीला एकच मोठा पासवर्ड; तो टाकला की आतले सगळे दिसायचे. ही पेटी इंटरनेटवर कुठं ठेवलेली नव्हती, फक्त आमच्या लॅपटॉपात होती. "आपली पेटी परक्याच्या घरात कशाला?" असं तिचं म्हणणं.

तर त्या संध्याकाळी पडद्यावर पाटी आली. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आहे, आत्ता घ्यायची की नंतर? रोजच यायची ही पाटी.

"दाबून टाक की एकदाचं," मी म्हणालो. "रोज डोकं खातंय."

"दाबून टाक म्हणं! आधी कॉपी काढाया पायजे. नव्यानं जुनं गिळलं तर?"

"कशाला गिळंल? त्या लोकांनी इचार करूनच केलं आसंल ना?"

"तुमी बी इचार करूनच कांदा भरता चाळीत. मग सडतो का?"

मी आवाज चढवला. ती उठली, दूध उतरवलं, कोमट झाल्यावर त्यात कालच्या दह्याचा एक चमचा घातला. आणि दुसरा चमचा छोट्या वाटीत काढून शेजारच्या वहिनींकडं देऊन आली. ही त्या दोघींची रीत. आमचं विरजण त्यांच्याकडं, त्यांचं आमच्याकडं. एकीचं बिघडलं तर दुसरीकडून आणायचं. परत आल्यावर मला म्हणाली, "बगा, हिला म्हणत्यात कॉपी. आन ती आपल्याच घरात ठिवून उपेग न्हाई. मांजरानं फळी लवंडली तर दोनी जात्यात."

मग तिनं लॅपटॉपवर 'नंतर' दाबलं आणि म्हणाली, "उद्या करते."

पहाटे तिच्या छातीत कळ आली. मंचरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आटपलं होतं. यावर मला जास्त लिहायचं नाही.

दुखवट्यात आमच्या घरी काही शिजलं नाही. सगळे पांगल्यावर फडताळ उघडलं, तर तिनं त्या रात्री लावलेल्या दह्यावर हिरवी लव आली होती. भांडं उकिरड्यावर नेऊन पालथं केलं आणि तिथंच उभा राहिलो. तेवढ्यात वहिनी आल्या. हातात वाटी.

"घ्या भावजी. तुमच्याच घरचं हाय. ती गेल्यापास्नं मी मोडू दिलं न्हाई."

तेव्हापासून मी दही लावतो. पहिले काही दिवस ते दही कमी आणि ताकात पडलेला चुना जास्त दिसायचं. आता जमतं.

गॅस संपला तेव्हा पेटी उघडायची वेळ आली. मोठा पासवर्ड मला पाठ होता. तिनं पाठच करून घेतला होता, म्हशीची धार काढताना, जेवताना, मधेच विचारायची, "सांगा बगू." काय होता ते इथं लिहिणार नाही. तेवढं शिकलोय. एका बोटानं टाकला, पेटी उघडली, गॅसच्या नावावर टिचकी मारली. पासवर्डाखाली शेरा लिहायला जागा असते. तिथं तिनं लिहिलं होतं: "नंबर लावताना ह्यांना शेजारी बसवू नये. घाई करतात."

मी इकडंतिकडं बघितलं. घरात कोणी नव्हतं. मग एकेक उघडत गेलो.

वीजबिल: "आधी ह्यांना चहा द्यावा. मग आकडा सांगावा."

बँक: "ओटीपी मोठ्यानं वाचतात. गल्लीला ऐकू जातो."

सातबारा: "ही साईट दुपारी उघडत नाही. घरात एक झोपणारा आहे, त्यात ही."

आधार: "ह्यांचा अंगठा उमटत नाही, नांगरानं झिजला. आदल्या दिवशी खोबरेल चोळावं. ओरडतील, ओरडू द्यावं."

इतकी वर्षं ही बाई माझ्या पाठीमागं माझं प्रगतीपुस्तक भरत होती! लई राग आला. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. तिसऱ्या दिवशीही. कुठलंच बिल भरायचं नव्हतं. नुसतं बोलणं खायला उघडायचो. घरात आता मला बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

आणि ती पाटी रोज यायची. आत्ता की नंतर? मी नंतर दाबायचो.

पोरगी पुण्यात नोकरीला आहे. ती फोनवर मागं लागली. "आबा, जुनं व्हर्जन धोक्याचं असतं. कुणी लबाड आत शिरला तर?"

"शिरला तर काय नेणार? म्हैस?"

"सगळं वाचेल ना तो."

हे मात्र लागलं. माझा अंगठा, माझी दुपारची झोप कुठला तरी लबाड वाचणार? पण दुसऱ्या बाजूला ती भीती. नव्यानं जुनं गिळलं तर? पासवर्ड गेले तर बँकेत जाऊन नवे मिळतील. शेरे कोणत्या खिडकीवर मागायचे?

पोरीला मी फक्त पासवर्डांची भीती सांगितली. "आधी कॉपी काढा मग," ती म्हणाली आणि व्हिडिओ कॉलवर तासभर मला शिकवलं. मी फाईलची कॉपी काढली. छाती फुगवून सांगितलं, "निघाली."

"कुठं ठेवलीत?"

"हितंच, तिच्या शेजारी."

"त्याच लॅपटॉपात?"

"मग? लांब ठिवून सापडाया नको का?"

पोरगी म्हणाली, "आबा, लॅपटॉपच बिघडला तर?"

आणि मला फळी आठवली. फळीवरचं मांजर आठवलं.

दुसऱ्या दिवशी मंचरला जाऊन पेनड्राईव्ह आणला. दुकानदार म्हणाला, "काका, कॉपीबिपीची काही गरज नसते. डायरेक्ट अपडेट मारा."

"पेटी तुझी हाय का?"

"न्हाई."

"मग तुजं काय जातंय मारा म्हणायला?"

घरी येऊन पेनड्राईव्हवर कॉपी घेतली. पोरीनं बजावलं होतं की नुसती घेऊन भागत नाही, उघडून बघा. बरोबरच आहे, दही लागलं का ते चमचा घातल्याशिवाय कळत नाही. उघडली. अंगठा होता, झोप होती, सगळं होतं. मग पेनड्राईव्ह घेऊन वहिनींकडं गेलो.

"काय हाय ह्यात?"

"विरजण."

बायको गेल्यावर माणसाचं असंच होतं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. पण हिनं शिकवलेलं सगळं सांगितल्यावर वहिनींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कपाटाच्या किल्लीशेजारी पेनड्राईव्ह अडकवला. "म्हंजी हरवायचा न्हाई."

त्यानंतरच्या सकाळी आंघोळ करून, चहा पिऊन, मी ते बटण दाबलं. निळी पट्टी सरकत गेली. लॅपटॉप बंद होऊन उघडला. नवा प्रोग्राम आला. रंग लई देखणे. मोठा पासवर्ड ठरवा म्हणाला. ठरवा कशाला, ठरलेलाच आहे, म्हणून मी तोच टाकला. आणि मधोमध पाटी आली: इथं अजून काही नाही. पहिली नोंद करा.

गॅस नाही. वीज नाही. माझी घाई नाही. माझा अंगठा नाही.

पोरीला फोन लावला; उचलेना, ऑफिसात असणार. तसाच उठून वहिनींच्या दारात गेलो, तर कुलूप. आज संकष्टी. दर संकष्टीला वहिनी ओझरच्या गणपतीला जातात, हे मला आयुष्यभर ठाऊक. नेमकं बटण दाबायच्या वेळी ठाऊक नव्हतं. फोन लावला, तर तो कुलपाच्या आत वाजला. देवाला जाताना फोन नेत नाहीत. किल्ल्या मात्र नेतात.

संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. पण मला त्या किल्ल्या दिसायला लागल्या. देवळातल्या गर्दीत पडलेल्या, कुणाच्या तरी पायाखाली. कळंबच्या स्टँडवर एसटी धरली, नारायणगावला उतरून जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं आणि ओझरला पोचलो.

रांग हीऽ एवढी. लोखंडी कठड्यांच्या आत माणसं दाटलेली. बरंच पुढं वहिनींचं लुगडं दिसलं.

"वहिनीऽ! किल्ल्या!"

"ओ बाबा, लाईनीत या," एकजण म्हणाला.

"मला दर्शन नको, किल्ल्या पायजेत."

"देवाच्या दारात यून दर्शन नको म्हणतंय म्हातारं!"

वहिनींनी मागं बघितलं. "भावजी? आवो, काय झालं?"

"पेटी रिकामी झाली!"

झालं. रांगेत सगळीकडं चोरी, चोरी सुरू झालं. मघाशी अडवणारा माणूसच ओरडला, "सोडा वो बाबांना पुढं, घरी चोरी झालीय!" लोकांनी अंग चोरून वाट दिली. एका म्हातारीनं माझा दंड धरला.

"समदं गेलं का रं बाबा?"

"समदं. बायकोचं व्हतं."

"दागिनं?"

"दागिनं आसतं तर हितवर आलो नसतो."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खुलासा करायचा होता; पण पेटी, पासवर्ड, अंगठा, खोबरेल, एवढं सगळं त्या गर्दीत कुठून सुरू करणार?

वहिनींजवळ पोचलो. जुडगा कमरेला होता, पेनड्राईव्ह जागेवर होता. परत फिरायला बघतो तर मागं माणसांची भिंत. कठड्यात एकदा शिरलं की वाट पुढंच. तसाच ढकलला जात गाभाऱ्यापर्यंत गेलो. वहिनींनी जुडगा माझ्या हातात दिला होता. मी हात जोडले, आत किल्ल्या. देवाला जोडले की किल्ल्यांना, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

परत आल्यावर वहिनींनी आपलं कुलूप काढलं आणि जुडगा पुन्हा माझ्याकडं दिला. घरात पाऊल टाकतो तर पोरीचा फोन. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं पहिलं विचारलं, "त्या रिकाम्या पेटीत काही लिहिलं नाही ना?"

"काय लिवणार? मी तवाच वहिनींकडं पळालो."

"आता लॅपटॉप उघडा. जुनी फाईल आहे तिथंच आहे. नव्या प्रोग्रामनं तुम्हाला नवी पेटी काढून दिली, आणि तुम्ही घेतलीत. जुनी उघड असं त्याला सांगायचं."

तिनं सांगितलं तिथं टिचकी मारली. मोठा पासवर्ड मागितला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकायला लागलो, तर पोरगी ओरडली, "मोठ्यानं नको!" आणि त्या ओरडण्यातच पेटी उघडली.

"आहे का?" पोरीनं विचारलं.

"हाय. गॅस हाय." आणि मी वाचून दाखवलं. "नंबर लावताना ह्यांना शेजारी बसवू नये. घाई करतात."

शेऱ्यांचं तिला ठाऊकच नव्हतं; तिला वाटत होतं आपण म्हाताऱ्याचे पासवर्ड वाचवतोय.

"आबा," ती म्हणाली, "अजून एक वाचा."

सगळे वाचले. अंगठ्याला ती हसली. हसता हसता नाक ओढलं. मग म्हणाली, एक कॉपी पुण्याला पण द्या.

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांना म्हणालो, "जुनी हितंच व्हती. म्हंजी मी ओझरला उगंच गेलो."

"उगंच कसं? त्या निमित्तानं तुमाला संकष्टी तरी घडली. ती कितींदा चला म्हणायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी गॅसची नोंद उघडली. तिच्या शेऱ्याखाली, एका बोटानं, चहा गार होईपर्यंत लिहिलं: "आता करत नाही. काल केली ती शेवटची." साठवलं. मग ध्यानात आलं, वहिनींकडच्या कॉपीत ही ओळ नाही. पुन्हा पेनड्राईव्ह लावला, नवी कॉपी घेतली, उघडून बघितली. जुनी पुसली नाही. तिच्यात फक्त हिनं लिहिलेलं आहे, ती तशीच राहू दिली.

मग फडताळातलं दही काढलं, एक चमचा छोट्या वाटीत घेतला, आणि एका हातात वाटी, एका हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन शेजारी गेलो.