शेवंती, समुद्रफूल आणि सासूबाईंचा तांब्या

चहा आधी संपवा, मग ऐका. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना माझ्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला, आणि सोफा माझा होता.

तर, मी विज्ञान शिकवतो. घोडबंदर रोडला माझा स्वतःचा क्लास आहे, आठवी ते दहावी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लपवता येणार नाही.

मुलीच्या, म्हणजे ओवीच्या हट्टापायी (हट्ट माझाच होता, घरात नाव तिचं पुढे केलेलं) आम्ही खाऱ्या पाण्याची मासे पाळायची टाकी आणली. टाकी मुरायला चार महिने दिले आणि मग दोन क्लाउनफिश सोडले. केशरी अंग, पांढरे पट्टे. ओवीने मोठीचं नाव ठेवलं जिलबी, छोट्याचं बुंदी. आणि त्यांच्या सोबतीला एक ॲनिमोनी, म्हणजे आपलं समुद्रफूल.

दिसतं फुलासारखं, पण आहे जिवंत प्राणी. खडकाला चिकटून बसतं आणि बोटांसारखे शेंडे हलवत राहतं. त्या शेंड्यांना डंख असतो, त्यामुळे बाकीचे मासे चार हात लांब राहतात. क्लाउनफिश मात्र बिनधास्त आत घुसून लोळतात. त्यांचं घरच ते.

हे सगळं पुस्तकात. आमच्याकडे दोन महिने झाले तरी जिलबी-बुंदी टाकीच्या या टोकाला आणि फूल त्या टोकाला. वर ते फूल रोज थोडं थोडं आक्रसत चाललेलं. मला जेवण जाईना. हसू नका, खरंच जाईना.

त्यातच सासूबाई राहायला आल्या.

सासरे गेल्यापासून त्या कोपर गावी एकट्याच राहायच्या. तीन वर्षं माझी बायको प्राची त्यांना विनवत होती, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, "जावयाचे घरी किती दिस ऱ्हायाचा?" यंदा गुडघा धरला तेव्हा कुठे महिनाभरासाठी तयार झाल्या. रुळल्या तर कायमच्या राहतील, अशी प्राचीची आशा. तिने मला आदल्या दिवशीच बजावलेलं, "आईला एक शब्द लागला ना, ती बॅग उचलेल. आणि मग पुन्हा कधी येणार नाही. कळलं?"

कळलं ना. मी काय लहान आहे?

सासूबाई आगरी. माहेरचं मिठागर होतं, लग्न होईपर्यंत त्या तिथे उन्हात राबलेल्या. आल्या दिवशी त्यांनी टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"जावयबापू, पानी लय खारा हाय."

"आई, समुद्राचं पाणी आहे. खारंच असणार."

"समुंदराचा नाय ह्यो. समुंदर मना ठावं हाय."

मी हसलो. मास्तर हसतात तसं. मग त्यांना समजावलं की मी मीठ मोजून घालतो. रोज थोडं पाणी आटतं, तेवढंच मी पुन्हा भरतो, अगदी त्याच मापाचं मिठाचं पाणी. म्हणजे खारटपणा पहिल्या दिवसाएवढाच राहणार. बरोबर ना? बघा, तुम्हीपण मान हलवलीत.

त्यांनी पुन्हा एकदा बोट बुडवून चाखलं. मी टाकीवर कागद चिकटवला, 'हात लावू नये'. कोणासाठी ते लिहिलं नाही, पण घरात सगळ्यांना समजलं.

दहा दिवस गेले. रविवारी सकाळी उठून बघतो तर सासूबाई टाकीपाशी, हातात तांब्या, कोपरापर्यंत हात ओला. आणि खडकावर फूल नाही.

आता माझं डोकं कसं चाललं बघा. सासूबाई रोज पहाटे देवघर आवरतात. सुकलेली फुलं पिशवीत भरतात आणि फिरायला जाताना मागच्या तलावावरच्या निर्माल्य कलशात टाकतात. आज त्या फिरून आलेल्या होत्या. फूल गायब होतं. हात ओला होता. दोन अधिक दोन केले मी.

"आई, तुम्ही ते निर्माल्यात टाकलंत?"

"काय?"

"टाकीतलं फूल! जिवंत होतं हो ते. एवढा कागद लावलाय, वाचता येत नाही का तुम्हाला?"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं. सासूबाईंना खरंच वाचता येत नाही.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मी नाय टाकला," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. कपाटातून बॅग काढल्याचा आवाज आला.

प्राची बाहेर आली. तिचा चेहरा मी तुम्हाला सांगत नाही. "आधी आईची माफी माग."

"आधी फूल. ते तिकडे मरेल गं."

असा मी निघालो. हातात डबा, डब्यात मिठाचं पाणी, अंगात बर्म्युडा. तलावावर रविवारची गर्दी. मी निर्माल्य कलशात खांद्यापर्यंत हात घातला आणि झेंडू, बेलपत्रं, दुर्वा उपसायला लागलो. एक आजोबा म्हणाले, "अहो, देवाला वाहिलेलं परत नेतात का?" मी म्हटलं, "काका, ह्यात माझा प्राणी आहे." ते दोन पावलं मागे सरकले.

तेवढ्यात ओळखीचा आवाज. "सर, उद्या क्लास आहे ना?" नववीतल्या एका मुलीच्या आई. मी कानात दुर्वा अडकलेल्या अवस्थेत म्हटलं, "आहे, आहे. सात वाजता."

आणि सापडलं. फिकट, लिबलिबीत, ओलं, शेंडेच शेंडे. डब्यात सोडलं तर हललं हो! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. रस्ताभर डबा छातीशी धरून त्याच्याशी बोलत आलो. "थोडं थांब बाळा, आलंच घर."

घरात सासूबाई सोफ्यावर, बॅग मांडीवर. प्राची रडवेली होऊन रिक्षासाठी फोन लावत होती. मी डबा उंच धरला. "वाचलं! जिवंत आहे!"

सासूबाईंनी डब्यात डोकावून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "ह्यी शेवंती हाय."

मी पुन्हा डब्यात बघितलं.

"परवाचे हारातली. मीच गनपतीला घातलेली."

तेवढ्यात ओवीची हाक आली, "बाबा, इकडे या ना." ती टाकीच्या बाजूच्या काचेला नाक लावून बसलेली. गेलो. मोठ्या खडकामागे, जिथे पंपाचं पाणी येतं तिथे, आमचं समुद्रफूल बसलेलं. ताटाएवढं फुललेलं. आणि त्यात जिलबी लोळत होती, बुंदी तिच्या मागे मागे.

समुद्रफूल सरकतं. जागा आवडली नाही की पायाने हळूहळू दुसरीकडे जातं. हे मी वाचलेलं होतं. अधोरेखित केलेलं होतं.

"पण एवढं फुललं कसं?" मी विचारलं.

ओवीने आजीकडे बघितलं. "आजी रोज एक तांब्या खारं पाणी काढते आणि एक तांब्या फिल्टरचं गोड पाणी घालते. तुम्ही उठायच्या आधी. मला सांगितलेलं, बाबाला बोलू नको, त्याला वाईट वाटंल."

"पानी वाफ व्हऊन जातंय," सासूबाई सोफ्यावरूनच म्हणाल्या. "मीठ तं मांगंच ऱ्हातंय. तुमी त्यात रोज नवीन मीठ घालतंव. मंग काय व्हनार?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. ज्या बाईला मी वाचता येत नाही का म्हणून सुनावलं, ती दहा दिवस माझ्या मनाला जपत होती. "आई, चुकलो मी. जाऊ नका."

त्यांनी माझ्या कानातली दुर्वा काढली. बॅग मांडीवरून खाली ठेवली. "ती शेवंती देवाची हाय. थय नेऊन ठेवा. आणि येताना वलं बोंबील आना. आज मी कालवन करतंय."

मी धावत गेलो. ते आजोबा तिथेच होते.

महिन्यासाठी आलेल्या सासूबाईंना आता आठ महिने झाले. कोपरच्या घराची किल्ली शेजारी दिलीय. तांब्या टाकीशेजारीच असतो, आणि मला त्याला हात लावायची परवानगी नाही.

गेल्या सोमवारी आठवीला बाष्पीभवन शिकवलं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. चौदा वर्षं शिकवतोय. फळ्यावर उदाहरणाचं चित्र काढतो, तेही दर वर्षी एकच.

मिठागर.