धसकाबाईची तालीम

गाद्या-उशा शिवणाऱ्या त्या छोट्याशा कारखान्याच्या मालकिणीला कामाच्या बायका पाठीमागे ‘धसकाबाई’ म्हणत, आणि खोटं कशाला बोला, नाव शोभायचंही तिला. मांजरानं डबा पाडला तरी हिच्या छातीत धस्स! त्यात पलीकडच्या गल्लीतला एक कारखाना जळाला, तेव्हापासून तर तिची झोपच उडाली. आपल्याकडे सगळीकडे कापड, कापूस, फोम. एक ठिणगी पडली की आटोपलंच!

म्हणून तिनं तालीम सुरू केली. शिट्टी वाजली की मशीन बंद, हातातलं टाकायचं, आपल्या जोडीदारणीचा हात धरायचा आणि थेट रस्ता गाठायचा. शेवटी निघेल तिनं दार घट्ट ओढून घ्यायचं, म्हणजे आगीला वारा मिळत नाही. हे काम धाकट्या जावेकडे; तिचं मशीन दाराशी, म्हणून सगळ्या बाहेर पडेपर्यंत तिनं तिथंच थांबायचं. धसकाबाई स्वतः रस्त्यावर उभी राहून खेकसायची, “अगं, पाय उचला की! फिरायला निघालात का?”

“ताई, आगीचं राहू द्या, तुमच्या या तालमीनंच जीव जाईल आमचा,” जाऊ म्हणायची आणि बायका हसून बेजार व्हायच्या.

मग एका दुपारी खरंच लागली. धसकाबाई मागच्या खोलीत फोम निवडत होती. इस्त्रीच्या टेबलाकडून चर्र आवाज आला, कुणीतरी “आग!” म्हणून किंचाळलं, आणि बघता बघता काळाकुट्ट धूर खोलीत शिरला. ती धावली, ढिगाऱ्याला अडखळून पडली. उठायला गेली तर धुरानं डोळेच उघडेनात. बाहेर बायका भराभर पळताना ऐकू आल्या. ढकलाढकली नाही, रडारड नाही. शिकल्या गं बायांनो, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

“सगळ्या आल्या का?” रस्त्यावरून आवाज आला.

“आल्या, आल्या! सगळ्यांच्या जोड्या आहेत!”

आणि दार धाडकन बंद झालं.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक तालमीत आपण रस्त्यावर. आपल्याला जोडीदारीणच नाही! “अगं, मी आत आहे!” ती ओरडली, पण घशातून नुसता खोकला निघाला. आता मेले, असं तिला अगदी स्वच्छ कळलं, आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली. रडत रडतच जमिनीला नाक लावून, भिंत चाचपत सरकत राहिली. दार कुठल्या बाजूला, तेही सुचेना.

अचानक उजेड आला. कुणीतरी तिची वेणी धरली, मग दंड, आणि पोत्यासारखं फरफटत रस्त्यावर आणून टाकलं. शेजाऱ्यांनी वीज तोडली, वाळू ओतली, आग विझली.

जाऊ शेजारीच फतकल मारून बसली होती. तोंड पांढरंफटक.

“अजून कुणी खेकसत कसं नाही, म्हणून मला शंका आली,” ती म्हणाली.

धसकाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. “दार ओढलंस ते बरोबरच केलंस गं. मीच शिकवलं होतं ना?”

“बरोबर म्हणू नका ताई.” जाऊ आपल्या हातांकडे बघत होती. “नीट लागलं की नाही, म्हणून मी ते पुन्हा एकदा ओढून बघितलं.”