कानाकडे पाहणारी आई
माझ्या साक्षगंधाचा फोटो पुसायला काढला की नजर आधी आईवर जाते. सगळे कॅमेऱ्याकडे पाहतात, ती एकटीच बाजूला. तेव्हा तिच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, पण मधलं दिसणं परत आलं नव्हतं, म्हणून दवाखान्यातल्या बाई तिला कडेने पाहायला शिकवत होत्या: समोरच्याचा चेहरा हवा असेल तर त्याच्या कानाकडे बघायचं. आर्वीच्या आमच्या अंगणात, झेंडूच्या उग्र वासात, आई माझ्या होणाऱ्या सासूबाईंशी तशीच बोलत होती. त्यांनी हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं. “सोयरीक पसंत नाई का तुमाले? माह्या तोंडाकडे पाहूनच नाई राह्यल्या तुम्ही.” आई म्हणाली, “तोंडाकडे पाह्यलं का तोंडच दिसत नाई मले. कानाकडे पाह्यलं, तवा तुमचं कुंकू दिसलं.” सासूबाईंनी डोक्यावरचा पदर कानामागे सारला आणि म्हणाल्या, “मंग पाहा नीट.” आजही मी माहेरी गेले की आई माझ्या शेजारच्या भिंतीकडे टक लावून पाहते, आणि तिचं पाहून होईपर्यंत मी हलत नाही.