आयसीयूचा स्विच नोंदवताना

नाशिकच्या एका रुग्णालयात मी नेटवर्कचं काम बघते. तेव्हा प्रत्येक मजल्याचा स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथं येतात तो डबा, मुख्य सर्व्हरवर नोंदवणं चाललं होतं. एक गुप्त शब्द सर्व्हरवर लिहायचा, तोच स्विचमध्ये. मग स्विचमध्ये कोणी शिरायचं, त्याला काय जोडायचं, हे सर्व्हर ठरवणार. आमची एक शिस्त असते: नवं लॉगिन चालतंय हे पाहिल्याशिवाय जुनी विंडो बंद करायची नाही. अकरा स्विच सुरळीत झाले होते आणि माझ्या डोक्यात हवा गेली होती.

बारावा आयसीयूचा. दुपारचा चहा आला, मी घाईनं शब्द टाकला आणि विंडो बंद केली. पुन्हा शिरायला गेले तर स्विच मला आत घेईना. शब्द टाकताना अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे काय चुकलं तेही कळेना.

तेवढ्यात आयसीयूच्या मोठ्या सिस्टर दारात आल्या. त्या सिन्नरकडच्या. "मॅडम, टेबलावरची स्क्रीन गेली. एक पण पेशंट दिसत नाय."

शब्द जुळला नाही, म्हणून स्विचनं ती स्क्रीनही तोडली होती. खाटांजवळचे मॉनिटर चालू होते, पण आठही पेशंट एका जागेवरून दिसायचे ते त्या स्क्रीनवर. वायर सैल झाली असेल, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"तुमच्याकडून झालं का?"

"हो. स्विच बंद करून चालू करते. पाच मिनिटं लागतील."

नवे बदल सेव्ह करायचे राहिले होते, म्हणजे जुनं सगळं परत यायला हवं होतं. पण नाही आलं तर?

स्क्रीन येईपर्यंत लक्ष ठेवायला सिस्टरांनी दर दोन खाटांमागे एक नर्स उभी केली. मी आयसीयूत जाऊन स्विचचं बटण दाबलं. तिसऱ्या मिनिटाला पाचव्या खाटेपासून हाक आली, "सिस्टर, सॅच्युरेशन पडतंय!" एका आजोबांची ऑक्सिजनची नळी निसटली होती. ती लगेच बसवली. थोड्या वेळानं स्क्रीन उजळली.

सिस्टरांनी तक्रार केली नाही. पण आजही मी लॅपटॉप घेऊन आयसीयूत शिरले, की त्या आधी सगळ्या नर्सना खाटांपाशी उभं करतात. मीही त्या उभ्या राहीपर्यंत लॅपटॉप उघडत नाही.