कुसुमकाकूंची गार फरशी

कुसुमकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अकोल्यातल्या एका टाइल्सच्या दुकानात, भर गर्दीत, जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. मला वाटलं, बाई चक्कर येऊन पडली. मी धावले, दुकानदार पाणी घेऊन धावला. काकूंनी एक डोळा उघडला.

"मले काई झालं नाई. फरशी पाहून राहिली मी."

शेजारी त्यांचा मुलगा प्रकाश लाजेनं अर्धा झाला होता. "आई, ऊठ ना! लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. फरशी पायानं नाई, पाठीनं पसंत करा लागते."

हा प्रकाश म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटचा नवा मालक. वलगावचं घर बंद करून तो आईला इकडे आणणार होता आणि काकूंची अट एकच होती, उन्हाळ्यात दुपारी पाठ टेकायला गार फरशी पाहिजे. अकोल्याचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला ही अट समजावून सांगावी लागत नाही. हॉलमध्ये प्रकाशच्या आवडीच्या चकचकीत टाइल्स बसल्या. काकूंच्या खोलीत मात्र त्यांनी पाठीनं निवडलेला कोटा दगड.

पुढे कार्तिकात त्या कौंडण्यपूरच्या जत्रेला गेल्या, तेवढ्यात प्रकाशनं त्या कोट्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत कारपेट टाकून घेतलं. डॉक्टरांनी गुडघ्यांना गारठा नको म्हणून सांगितलं होतं. बिचाऱ्याच्या मनात मायाच होती. काकू परत आल्या आणि खोलीच्या दारातच खिळल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रकाश ऑफिसला गेल्यावर त्यांनी कारपेट बसवणाऱ्या रशीदभाईंना बोलावलं. मी बोलणं ऐकून डोकावले, तर रशीदभाई हातात सुरी घेऊन हबकून उभे.

"अम्मा, नवंकोरं हाय! काहून कापाले लावता?"

"काप रे बापू. मले माह्या अंगाएवढी जागा मोकळी पायजे."

एवढं म्हणून त्या खिडकीखाली कारपेटवर आडव्या झाल्या आणि रशीदभाईंना त्यांच्या भोवती खडूनं रेघ मारायला लावली. ते पाहून मला कसंतरीच झालं. काकू मात्र पडल्या पडल्या हसत होत्या. "थोडं मोठं आख. कूस बदलाले पायजे ना!"

संध्याकाळी प्रकाशचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. काकूंनी एकच उत्तर दिलं, "त्या कारपेटवर तू लोय. मले फरशीच पायजे."

मे महिन्यातली ती दुपार. प्रकाशची बायको स्वाती आणि मी त्यांच्या हॉलमध्ये लोणच्याच्या कैऱ्या फोडत होतो. काकू आपल्या मोकळ्या जागेवर खिडकीकडे तोंड करून पडलेल्या, दारातून पाठ दिसत होती. "हळू फोडा," स्वाती म्हणाली, "आत्ताच डोळा लागला असंल." आम्ही विळीखाली फडकं घातलं. हसू आलं तर पदर तोंडाशी धरला. चहा झाला तशी स्वातीनं हाक मारली. पुन्हा मारली. मी आत जाऊन काकूंच्या हाताला हात लावला. बाहेर रस्ता उन्हानं पेटला होता आणि तो हात फरशीइतका गार होता.

स्वाती दारातून विचारत राहिली, "उठल्या का?"

प्रकाश आला आणि दाराची चौकट धरून उभाच राहिला. बिऱ्हाडं जमली. वरच्या मजल्यावरचे म्हातारे काका हॉलमधूनच, रीतीप्रमाणे म्हणाले, "अरे, भुईवर घ्या तिले कोणी."

प्रकाशनं मान वळवली नाही.

"भुईवरच हाय ती, काका."