वर्कनेशचं नाक

आमच्या इथिओपियातल्या देस्से गावात बाया कॉफी एकटीदुकटीनं पीत नाहीत. जिच्या घरी बैठक, ती बिया भाजते आणि धुमसता तवा एकेकीसमोर फिरवते. पाहुणीनं हातानं धूर नाकाशी ओढायचा आणि तोंडभर कौतुक करायचं. माझी शेजारीण वर्कनेश मात्र तव्याकडे नुसती बघत बसली. एकदा नाही, तीनदा! माझा पारा चढला. "एवढी शिष्ट असेल तर बसू दे घरी," असं सगळ्यांदेखत म्हणाले आणि तिला बोलावणंच सोडलं. तिनं दार लावून घेतलं ते दोन वर्षं.

त्याआधीच, दुसऱ्या बाळंतपणानंतर, तिच्या कानात नसलेली माणसं बोलायला लागली होती. नवऱ्यानं आधी चर्चच्या तीर्थाला नेलं, मग दवाखान्यात. स्किझोफ्रेनिया निघाला. औषधानं आवाज निवले, पण ती कुणाशी बोलेना, मान वर करेना. नवरा रडकुंडीला आला.

एकदा दवाखान्यातल्या मेकदेस सिस्टरपाशी मी तिच्या शिष्टपणाचं गाऱ्हाणं गायले. सिस्टर माझ्यावरच उखडल्या. "अहो, बाळंतपणात संप्रेरकं उलटीपालटी होतात, त्यात हे दुखणं उफाळतं कधीकधी. आणि यात पुष्कळांचं नाक मंदावतं. अशांना माणसंही नकोशी होतात, असं आम्ही बघतो. वासच आला नसेल तर ती कौतुक कशाचं करणार?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तशीच तिच्या दारात गेले. "चुकले गं बाई. उद्यापासून माझ्याकडे बिया तू भाजायच्यास."

"जळतील," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"जळू देत. मी सांगेन ना, कधी उतरवायचं ते!"

पहिल्या दिवशी जळल्याच, मी गप्पांत रमले म्हणून. सगळ्यांनी तोंड वाकडं न करता रिवाजाप्रमाणे कॉफीच्या तिन्ही फेऱ्या प्यायल्या. मग रोज ती भाजायची, मी "उतरव" म्हणायची. ती बोलत काहीच नसे, पण यायची.

महिनाभरानं मी तोंड उघडायच्या आत तिनं तवा उतरवला. बिया अगदी नेमक्या भाजलेल्या.

मी आनंदानं ओरडलेच, "अगं, वास आला तुला?"

"छे!" वर्कनेश म्हणाली. "वास आला की तुझ्या नाकपुड्या फुगतात. महिनाभर बघतेय मी."