निघताना गाडीनं विचारलं

माझ्या वडिलांची, अप्पांची, नजर गेली आणि त्यांनी गोविंदपुरम्‌ला जाणं सोडलं. तिथल्या विठ्ठलाच्या देवळातलं भजन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण त्यांच्या हट्टाला तोड नाही. "मी जात नाहीं, मला नेतात. गाठोडं नेतात तसं," म्हणायचे. आमचं कुंभकोणम् सुटलं की आपण वाटेत कुठे आहोत तेच कळत नाही, याची त्यांना लाज वाटे.

नव्या गाडीत रस्ता सांगणारा बाईचा आवाज होता. भाषा निवडताना पडद्यावर मराठी दिसली आणि मी थक्कच झाले. तंजावरला मराठ्यांचं राज्य असताना इकडे आलेलं आमचं घराणं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. रस्त्यावर मराठी कानी पडायची सवयच नाही. "नुसतं बसून ऐका," असं विनवून मी अप्पांना गाडीत बसवलं आणि बटण दाबलं.

"कुठे जायचं आहे?" गाडीनं विचारलं.

झालं! निघणाऱ्याला "कुठे" विचारणं म्हणजे अपशकुन. अप्पा तडक उतरले आणि चाचपडत ओट्यावर जाऊन बसले. "निघतांना कोठें म्हणून पुसतात काय? कोणाची पोर ही?"

मी कपाळाला हात लावला. पण रीत ती रीत. पाणी आणून दिलं, घोटभर पिऊन ते पुन्हा बसले. या खेपेला बाईनं तोंड उघडायच्या आत मी पडद्यावर गाव टिपून टाकलं.

मग मात्र नवल घडलं. वळण यायच्या बरंच आधी ती सांगे, "पुढे डावीकडे वळा." जवळ आलं की पुन्हा सांगे. अप्पा मान तिरकी करून ऐकत होते. हळूहळू गाडीच्या आधी त्यांचं अंग वळू लागलं. "आतां तिरुभुवनम् येईल, रेशमाचे माग," ते मला सांगू लागले. "मग तिरुविडैमरुदूर." आणि खरंच तसंच येत गेलं. बाहेर बघत होते मी, रस्ता दिसत होता त्यांना.

"तुमचं ठिकाण उजवीकडे आहे," आवाज म्हणाला.

मी काही बोलणार, तोच अप्पांनी तोंड उजवीकडे वळवलं आणि हात जोडले. अगदी देवळाच्या दाराकडे.

उतरवायला मी हात पुढे केला.

"राहूं दे," ते म्हणाले. "आज मी आलों."